गोन्सालो गार्सिया कोणाचा?

वसईच्या किल्ल्यात विद्यार्थ्यांना घेऊन जाण्याचा आमचा परिपाठ बऱ्याच वर्षांचा आहे. तटबंदी, दर्यादरवाजा, चिमाजी अप्पांचे स्मारक असे करीत आम्ही येशूसंघीयांच्या जुन्या चर्चपाशी येतो. हे चर्च आज संत गोन्सालो गार्सियाच्या नावाने ओळखले जाते. मागे एकदा तेथेच एका विद्यार्थ्याने विचारले, ‘‘सर, हा आपला होता की पोर्तुगीज?’’ आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. इतिहासाच्या प्रश्नाला साहित्याच्या माणसाने द्यावे तसे गोलमाल उत्तर आम्ही दिले आणि पुढे निघालो. पण प्रश्न मागे लागला तो लागलाच. तो ‘आपला’ ठरवण्याचे माप कोणते, आणि ते माप दरवेळी सारखेच असते काय, हाच प्रस्तुत लेखाचा विषय.

गोन्सालोचा जन्म वसईतला, 1556-57 च्या सुमाराचा. वडील पोर्तुगीज, आई येथील. (ज्ञानोबा-तुकारामांना आपण ज्या जवळिकीने एकेरीत संबोधतो, त्याच जवळिकीने हा एकेरी उल्लेख करीत आहोत.) 1534 च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे आली होती, आणि त्यांच्याबरोबर माणसे मोजण्याची त्यांची परिभाषाही आली होती. पोर्तुगालात जन्मला तो ‘राइनोल’. पोर्तुगीज आईबापांच्या पोटी आशियात जन्मला तो ‘कास्तीसो’. पोर्तुगीज आणि एतद्देशीय यांचे अपत्य ते ‘मेस्तीसो’. धर्म एक, राजा एक, भाषाही पुष्कळदा एक. तरी पायऱ्या तीन. एतद्देशीय ख्रिस्ती माणूस तर या तिन्ही पायऱ्यांच्या खाली. जातींची उतरंड शतकानुशतके अंगवळणी पडलेल्या आपल्या समाजाला ही व्यवस्था फारशी परकी वाटली नसावी.

किशोरवयातच गोन्सालो येशूसंघीय धर्मगुरूंबरोबर जपानला गेला. तेथली भाषा त्याने आत्मसात केली आणि सुमारे आठ वर्षे धर्मशिक्षक म्हणून राबला. येशूसंघात प्रवेश मिळावा ही त्याची मनीषा होती. चरित्रकार सांगतात, की त्याला आश्वासने मिळत गेली, प्रवेश मात्र मिळाला नाही. अखेर निराश होऊन तो बाहेर पडला, व्यापारात शिरला, मनिलाला गेला आणि तेथे फ्रान्सिस्कन संघात ‘ब्रदर’ म्हणून दाखल झाला.

या ठिकाणी थोडे थांबले पाहिजे. आशियातील येशूसंघाच्या कार्यावर देखरेख करण्यासाठी 1574 मध्ये भारतात आलेला इटालियन धर्मगुरू अलेस्सांद्रो वालिन्यानो हा त्या काळातला मोठा प्रज्ञावंत. जपानी लोकांविषयी त्याला विलक्षण आदर. ते ‘गोरे’ आहेत, सुसंस्कृत आहेत, त्यांना संघात घेतलेच पाहिजे, हा त्याचा आग्रह. जपानी माणसांना तुच्छ लेखणाऱ्या आपल्याच अधिकाऱ्याला, फ्रान्सिस्को काब्रालला, त्याने विरोध केला आणि 1580 मध्ये जपानी तरुणांसाठी नवशिष्यालय उघडले. वंशाभिमानाविरुद्ध उभा ठाकलेला माणूस म्हणून त्याचे कौतुक होते आणि ते रास्तही आहे. पण हाच वालिन्यानो भारतीयांविषयी लिहू लागतो तेव्हा लेखणी बदलते. काळ्या वर्णाचे हे लोक मंदबुद्धी व दुर्गुणी आहेत, त्यांना व मेस्तीसोंना संघात घेऊ नये, असे त्याचे मत होते. म्हणजे एका दाराची कडी काढणारा आणि दुसऱ्या दाराला कडी घालणारा हात एकच. काब्रालचा अन्याय त्याला दिसला. स्वतःचा त्याला अन्याय वाटलाच नाही. तो त्याला ‘अनुभव’ वाटला.

भारतातला अपवाद कोण होता, हेही पाहण्याजोगे आहे. 1575 मध्ये पेरो लुईस नावाच्या एका भारतीयाला येशूसंघात प्रवेश मिळाला. पुढे जवळजवळ दोनशे वर्षे, संघ विसर्जित होईपर्यंत, दुसऱ्या भारतीयाला तो मिळाला नाही. आणि हा एकुलता एक पेरो लुईस जन्माने ब्राह्मण होता. युरोपचे वर्णमाप आणि भारताचे जातिमाप ही दोन मापे एकमेकांना छेद देत नव्हती, तर पूरक ठरत होती.

1593 मध्ये गोन्सालो फ्रान्सिस्कनांच्या शिष्टमंडळाचा दुभाषा होऊन जपानला परतला आणि हिदेयोशीपुढे उभा राहिला. 1596 मध्ये ‘सान फेलिपे’ हे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्याला लागून फुटले. त्यातून उद्भवलेल्या संशयाच्या वातावरणात मिशनऱ्यांची धरपकड झाली. 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीच्या टेकडीवर 26 जणांना क्रुसावर चढवण्यात आले. त्यांत सहा फ्रान्सिस्कन होते : चार स्पॅनिश, एक मेक्सिकोत जन्मलेला आणि एक वसईचा. तीन येशूसंघीय होते आणि ते तिघेही जपानी, पॉल मिकी त्यांतला सर्वांत प्रसिद्ध. ज्या संघाने जपान्यांसाठी दार उघडले त्याचे तीन जपानी, आणि ज्याला त्याच संघाच्या दारात तिष्ठत राहावे लागले तो वसईकर, एकाच टेकडीवर एकाच दिवशी गेले. भाल्याने वर्ण विचारला नाही.

गोन्सालोची कथा येथे संपावयास हवी होती. वास्तविक तिचा उत्तरार्ध येथून सुरू होतो. 1627 मध्ये त्याला ‘धन्य’ घोषित करण्यात आले. शंभराहून अधिक वर्षांनी, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, ब्राझीलमधील पेर्नांबुकोच्या ‘पार्दो’ लोकांनी, म्हणजे मिश्रवर्णीयांनी, त्याला आपला संत म्हणून उचलून धरले. 1745 मध्ये रेसिफे येथे त्याचा मोठा उत्सव झाला. मिश्ररक्ताच्या माणसांना पावित्र्य साधत नाही असे मानणाऱ्या समाजात ‘आमच्या वर्णाचाही संत आहे’ असे म्हणता येणे ही लहान गोष्ट नव्हती. त्यावर आक्षेप असा आला, की गोन्सालोची आई आफ्रिकी नव्हती, पूर्वेकडची होती. सबब तो पार्दो नव्हेच! तेव्हा जाबोआतांव नावाच्या फ्रान्सिस्कन धर्मगुरूने गोन्सालो पार्दोच होता हे सिद्ध करण्यासाठी प्रवचन दिले. ते पुढे 1751 मध्ये लिस्बनला छापले गेले.

ही गंमत नीट पाहावी. येशूसंघाच्या दारात जे रक्त अडचणीचे, तेच रक्त रेसिफेत मिश्रवर्णीयांना मान मिळवून द्यायला निघाल्यावर एकाएकी ‘पुरेसे काळे नाही’ असे ठरू लागते. मेस्तीसोला नाकारायचे असते तेव्हा त्याच्या आईची आठवण होते. त्याचे मोठेपण इतरांच्या पदरी पडू लागते तेव्हा आईचा मुलूख तपासला जातो.

8 जून 1862 रोजी गोन्सालो संतपदाला पोहोचला. 2008 च्या ऑक्टोबरमध्ये केरळच्या सिस्टर अल्फोन्सा यांना संतपद मिळाले तेव्हा काही वृत्तपत्रांनी त्यांचा गौरव ‘पहिल्या भारतीय संत’ असा केला. वसईत साहजिकच नाराजी उमटली. पहिला मान आमच्या गोन्सालोचा, त्या पहिल्या भारतीय स्त्री-संत. यावर ‘पण त्याचे वडील पोर्तुगीज होते ना?’ हे उत्तर आम्ही स्वतः ऐकले आहे. म्हणजे आता वडिलांची आठवण! एकाच माणसाला तीन शतकांत तीन तराजूंत तोलण्यात आले, आणि प्रत्येक तराजूत तो नेमका कमी भरला.

परंतु येथे थांबून आपण आपली पाठ थोपटून घेऊ लागलो, तर तोही दुटप्पीपणाच होईल. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांनी काय केले, हा प्रश्न उरतोच. गोव्याच्या दिवाडी बेटावरच्या मातेउश द कास्त्रो याला गोव्याच्या आर्चबिशपने धर्मगुरुपदाची दीक्षा नाकारली. तो थेट रोमला गेला, तेथे दीक्षा मिळवली आणि 1637 मध्ये बिशप झाला. एतद्देशीयांच्या हक्कासाठी पोर्तुगीजांशी त्याने आयुष्यभर झुंज दिली. पण 1653 मध्ये त्याने जे आवाहनपर लेखन केले, ते गोव्याच्या सर्व ख्रिस्ती जनांना उद्देशून नव्हते. ते ब्राह्मणांना उद्देशून होते. पुढे 1702 मध्ये आंतोनिओ जुआंव द फ्रियास या गोमंतकीय धर्मगुरूने ख्रिस्ती ब्राह्मणांच्या कुलीनत्वाचा ग्रंथ लिस्बनला छापला. मग चारड्यांच्या बाजूने 1713 मध्ये लिओनार्दो पाइश याचा ग्रंथ आला. गोऱ्यांनी ‘तुमचे रक्त हलके’ म्हटले. त्यावर ‘रक्त हलके-भारी नसतेच’ असे उत्तर देता आले असते. दिले गेले ते असे : ‘आमचे रक्त हलके नाही, त्या पलीकडच्यांचे आहे.’

आमचा वसईचा परिसरही यातून सुटलेला नाही. सामवेदी, वाडवळ, कोळी, भंडारी या ओळखी धर्मांतरानंतर पुसल्या गेल्या नाहीत. सोयरीक जमवताना त्या दीर्घकाळ निर्णायक राहिल्या. पूर्वज ब्राह्मण होते हे अभिमानाने सांगणारी माणसे आमच्या स्नेह्यांत आहेत. चारशे वर्षांपूर्वी टाकून दिलेल्या धर्मातली पायरी मात्र टाकवत नाही, हे आम्ही टोमणा म्हणून लिहीत नाही. आमच्या घरची गोष्ट याहून निराळी नाही. 1887 मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, मुंबई-उत्तर कोकणच्या ख्रिस्ती समाजातील काहींनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण केले. नोकऱ्यांच्या स्पर्धेत गोव्याहून आलेल्या ख्रिस्ती लोकांपासून आपण वेगळे दिसावे, हा त्यामागचा व्यावहारिक हेतू. नाव जितके आतल्यांना एकत्र आणते, तितकेच ते बाहेरच्यांसाठी कुंपण होते.

मग अभिमान आणि भेदभाव यांतली सीमारेषा कोठे आखावी? पेर्नांबुकोच्या पार्दोंनी ‘आमचा संत’ म्हणणे आणि येशूसंघीयांनी ‘मेस्तीसो नको’ म्हणणे, दोहोंतही वर्णाचा उल्लेख आहे. म्हणून दोन्ही सारखेच, असे म्हणणारे आज पुष्कळ भेटतात. आम्हांस ते पटत नाही. पहिल्याने कोणाचे दार बंद होत नव्हते, दुसऱ्याने होत होते. दार कोणाच्या हातात आहे हे पाहिल्यावाचून अभिमानाची जात ओळखता येत नाही. मात्र दार केवळ राज्यकर्त्याच्याच हातात असते असेही नाही. पोर्तुगीजांच्या दारात अपमानित झालेल्या माणसाच्या स्वतःच्या घरालाही दार असतेच. ‘आपली संस्था, आपले सभासद’ हा युक्तिवाद आजही चालतो. अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व आपल्या समाजापुरते ठेवण्याची उपविधीतील अट वैध ठरवली. कायद्याने वैध ते भेदभाव नव्हे काय? कायद्याचे उत्तर आणि घर शोधत फिरणाऱ्याचे उत्तर एकच असेल, असे नाही.

दुसरी कसोटी पुराव्याची. एकाला जो पुरावा मागितला जात नाही, तो दुसऱ्याला मागितला जातो काय? येथे आम्हां मराठीच्या अध्यापकांनाच पिंजऱ्यात उभे राहावे लागते. 1616 च्या ‘ख्रिस्तपुराणा’चा कर्ता फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडात जन्मलेला येशूसंघीय, त्याने केलेली मराठीची थोरवी आपण वर्गावर्गांतून अभिमानाने सांगतो. त्याच्या मराठीपणाचा दाखला कोणी मागत नाही. पण 2019 च्या सप्टेंबरमध्ये, नंदाखालला जन्मलेले, ‘सुवार्ता’चे संपादन केलेले, ‘सुबोध बायबल’ मराठीत आणणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो उस्मानाबादच्या 93 व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून निवडले गेले, तेव्हा ते ख्रिस्ती धर्मगुरू आहेत म्हणून विरोधाचे सूर उमटले. त्यांच्या साहित्यावर टीका जरूर व्हावी. अध्यक्षपदाला कोणता लेखक पात्र हा वाद संमेलनाइतकाच जुना आहे. पण आक्षेप साहित्यावर नव्हता, झग्यावर होता. चारशे वर्षांपूर्वीचा परदेशी पाद्री आपला वाटतो आणि पंचक्रोशीतला परका. कारण पहिला आपल्याकडून काही मागायला येत नाही, दुसरा व्यासपीठावर खुर्ची मागतो. विरोध करणारे थोडे होते, स्वागत करणारे बहुसंख्य होते, हेही नोंदवले पाहिजे. फादर दिब्रिटो 2024 च्या जुलैत गेले, तेव्हा त्यांना निरोप देणाऱ्यांत सर्व धर्मांची माणसे होती.

असो. शेवटी एक कबुली. काही वर्षांपूर्वी एका वक्तृत्व स्पर्धेत आमच्यापैकी एक परीक्षक होता. एका मुलीने अस्खलित भाषण केले. पारितोषिक देताना परीक्षक कौतुकाने म्हणाला, ‘‘आडनावावरून वाटले नव्हते, इतके सुंदर मराठी!’’ मुलगी नम्रपणे म्हणाली, ‘‘सर, घरी आम्ही कादोडी बोलतो, आणि शाळा पहिलीपासून मराठीच.’’ टाळ्या झाल्या. परीक्षकाला आपण काय बोललो हे घरी पोहोचेपर्यंत उमगले नाही. त्या वाक्यात द्वेष नव्हता, उलट शाबासकी होती. पण शेजारच्या कुलकर्णी-पाटलांच्या मुलांना ती शाबासकी त्या शब्दांत कधी मिळाली नसती.

तो विद्यार्थी पुन्हा भेटला तर त्याला आम्ही सांगू, की गोन्सालो वसईचा होता. येथे जन्मला, येथल्या बाईच्या पोटी. वडील पोर्तुगीज होते, तेही खरेच. ज्या संघाने त्याला आत घेतले नाही त्याच संघाच्या पडक्या चर्चला आज लोक त्याच्या नावाने ओळखतात. आणि मग त्यालाच विचारू, की ‘आपला’ म्हणताना तुझ्या मनात कोण कोण आहे?