दाखले जाळणारा विद्यार्थी

शाळा सोडल्याचा दाखला आपण सगळ्यांनीच जपून ठेवला आहे. आपल्याच पेण तालुक्यातल्या एका मुलाने मात्र आपली प्रमाणपत्रे आईच्या चुलीत घातली. गागोदे गावी ११ सप्टेंबर १८९५ रोजी जन्मलेला हा विनायक नरहरी भावे, म्हणजेच विनोबा.

बालपण गागोद्यात गेले, पुढचे शिक्षण वडिलांच्या नोकरीच्या गावी, बडोद्यात. सरकारी नोकरी करायचीच नाही, मग प्रमाणपत्रे हवीत कशाला, असा त्याचा सरळ हिशेब होता. १९१६ साली इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेला हा मुलगा सुरतेला उतरून काशीला गेला. ७ जून १९१६ रोजी अहमदाबादच्या कोचरब आश्रमात तो गांधीजींना भेटला आणि त्यांचाच झाला.

परीक्षा सुटली, अभ्यास सुटला नाही. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी सत्याग्रही कैद्यांना गीता समजावून सांगितली. अठरा रविवार, अठरा अध्याय. ती प्रवचने लिहून घेतली साने गुरुजींनी. म्हणजे लिहून घेणाराही मूळचा शाळामास्तरच! पुढे वेल्लोरच्या तुरुंगात विनोबा दक्षिणेकडच्या भाषा शिकले. इंग्रज सरकारने कोंडले, विनोबांनी तिथे शाळा भरवली.

भारताला न विचारता युद्धात ओढल्याच्या निषेधार्थ १९४० साली गांधीजींनी वैयक्तिक सत्याग्रह पुकारला, तेव्हा पहिले सत्याग्रही म्हणून त्यांनी विनोबांना निवडले. दुसरे होते पंडित नेहरू. १७ ऑक्टोबरला पवनारला भाषण करून विनोबा तुरुंगात गेले.

रोह्याच्या मित्रांना इथे चिंतामणराव देशमुख आठवतील. विनोबांपेक्षा अवघ्या चार महिन्यांनी लहान. १९१२ साली ते मॅट्रिकला पहिले आले, पुढे आय.सी.एस. झाले आणि रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. त्याच देशमुखांनी १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर केंद्रातले अर्थमंत्रिपद सोडले.

एकाने प्रमाणपत्रे जाळली, दुसऱ्याने मिळवलेल्या विद्येच्या बळावर मोठी पदे भूषवली. पण वेळ आली तेव्हा हातातले सोडायला दोघेही कचरले नाहीत. मित्रहो, आपल्या गुरुजनांनी गुणपत्रिकेबाहेरचे जे शिकवले, ते बहुधा हेच असावे. आपले दाखले आपण खुशाल जपू या. मात्र त्यांच्यासाठी मन मोडायची वेळ आली, तर बडोद्याची ती चूल आठवावी.