बाण : भात्यातला की दारूखान्यातला?

पनवेलच्या पश्चिमेला, उरण-करंज्याच्या किनाऱ्यावर द्रोणागिरीचा डोंगर उभा आहे. लक्ष्मणाला शक्ती लागली तेव्हा मारुतीने उचलून आणलेल्या पर्वताचा एक तुकडा येथे गळून पडला, अशी लोककथा आहे. डोंगरावर जुना किल्ला आहे. वसईच्या मोहिमेच्या काळात, 1739च्या सुमारास, हा मुलूख मानाजी आंग्र्यांनी पोर्तुगीजांकडून घेतला.

आज करंज्याला नौदलाचे शस्त्रागार आहे आणि क्षेपणास्त्रांशी संबंधित ‘आयएनएस तुणीर’ हा तळही तेथेच आहे. तुणीर म्हणजे भाता. क्षेपणास्त्रांच्या तळाला बाण ठेवण्याच्या पात्राचे नाव दिलेले पाहून ही केवळ संस्कृत शब्दांची हौस वाटेल. पण बाण आणि अग्निबाण यांचे नाते मराठीत फार जुने आहे, आणि ते ठाऊक नसल्यामुळे जुनी कागदपत्रे वाचताना अनेकांची फसगत होते.

शिवकाल किंवा पेशवाईतील एखाद्या कागदात ‘बाण’ हा शब्द आला की वाचकाच्या डोळ्यांपुढे धनुष्य उभे राहते. वास्तविक त्या काळच्या युद्धविषयक मराठीत धनुष्यातून सुटणारा तो बहुधा ‘तीर’, आणि तो सोडणारा ‘तिरंदाज’. ‘बाण’ म्हणजे दारू भरलेले, वात पेटवून सोडायचे अस्त्र. आजच्या भाषेत रॉकेट. ते चालवणारा तो ‘बाणदार’. मोगलांच्या फारसी इतिहासग्रंथांतही हेच अस्त्र ‘बान’ या नावाने येते. म्हणजे शब्द येथला, आणि तो परक्या दरबारी भाषेनेही उचलला.

याचा सर्वांत बोलका पुरावा रणांगणावरच्या वर्णनात नाही, कोठारात आहे. रामचंद्रपंत अमात्यांनी 1715च्या सुमारास लिहिलेल्या ‘आज्ञापत्रा’त किल्ल्यावरील दारूखान्याची व्यवस्था सांगितली आहे. दारूखाना वस्तीच्या घरांजवळ नसावा, तळघर करून दारू ठेवावी, बाण आणि होके मधल्या घरात ठेवावेत, त्यांना सरदी लागू देऊ नये, आणि आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन हे सर्व बाहेर काढून उन्हात तापवावे व पुन्हा मोहोर करून ठेवावे, असा त्याचा आशय. होके म्हणजे दारू भरून शत्रूवर फेकायची अस्त्रे. लाकडी तिराला पंधरवड्याने ऊन दाखवण्याची आणि दारूखान्यात कोंडण्याची गरज काय? गरज दारूला होती. सह्याद्रीच्या पावसात ओल धरलेला बाण ऐनवेळी नुसता फुसफुसणार, हे अमात्यांना पक्के माहीत होते.

या अस्त्राची रचना साधी होती. दारू ठासून भरलेले नळकांडे, त्याला वात, आणि दिशा टिकावी म्हणून बांधलेली लांब बांबूची काठी. नेम बेताचाच. पण फुत्कारत येणाऱ्या आगीपुढे घोडे आणि हत्ती बिथरत, आणि घोडदळाच्या काळात तेवढे पुरत असे. पानिपतावर, 14 जानेवारी 1761 रोजी, याचा चटका मराठ्यांनाच बसला. शुजाउद्दौल्याच्या गोटातून लढाई पाहिलेल्या काशीराजाने लिहिले आहे की, नजीबखानाचे रोहिले एका वेळी दोन-दोन हजार बाण सोडत पुढे सरकत होते आणि त्यामुळे मराठ्यांना त्यांच्यावर चालून जाता येईना. पुढे हैदर आणि टिपू यांनी लोखंडी नळकांड्यांच्या बाणांनी इंग्रजांना बेजार केले. पोल्लिलूरची 1780ची लढाई त्यासाठी प्रसिद्ध आहे. त्यातूनच धडा घेऊन विल्यम काँग्रीव्हने इंग्लंडात आपली रॉकेटे बनवली.

नावांचा प्रवासही पाहण्यासारखा आहे. इंग्रजी ‘रॉकेट’ हा शब्द इटालियनमधील सूत गुंडाळण्याच्या रिळाच्या नावावरून आला. त्यांना आकार दिसला. चिनी भाषेत रॉकेटला आजही ‘हुओजिएन’ म्हणतात, म्हणजे शब्दशः अग्निबाण. त्यांना, आपल्याप्रमाणेच, उड्डाण दिसले.

मात्र येथे एक सावधगिरी हवी. पुराणांत किंवा महाकाव्यांत अग्नीशी जोडलेले बाण आले म्हणून त्या काळी दारूची अस्त्रे होती, असे ठरत नाही. बंदुकीची दारू चीनमध्ये जन्मली आणि भारतात मध्ययुगात पोहोचली. शब्द आधीपासून होता, वस्तू नंतर आली आणि तिने त्या शब्दात बिऱ्हाड केले. त्याच शब्दात इतरही भाडेकरू आहेतच : देवघरातल्या पंचायतनात शिवाचे स्थान घेणारा नर्मदेतला गुळगुळीत दगड हाही ‘बाण’च, आणि हमखास गुण देणारे औषध ते ‘रामबाण’. म्हणून कागदात हा शब्द भेटला की त्याचे शेजारी पाहावेत. शेजारी दारू, होके, जेजाला असतील तर अर्थ एक. शाळुंका, शंख, गंडकी शिळा असतील तर दुसरा.

शाळेच्या पुस्तकांनी रॉकेटसाठी ‘अग्निबाण’ हा शब्द रूढ केला. 30 मे 2024 रोजी श्रीहरिकोट्याहून चेन्नईच्या ‘अग्निकुल कॉसमॉस’ या कंपनीने आपल्या रॉकेटाची पहिली चाचणी यशस्वी केली. त्याचे इंजिन त्रिमितीय छपाईने एकसंध घडवलेले होते, आणि रॉकेटाचे नाव होते ‘अग्निबाण’. दिवाळीत अंगणात बाटलीत काठी उभी करून उडवतात तो फटाका जुन्या पिढीच्या तोंडी अजून ‘बाण’च आहे, काठीसकट.