बडोद्याची सोयरीक

बडोद्याच्या राजकन्या इंदिराराजे यांचा वाङ्निश्चय ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांच्याशी झाला, तेव्हा दोन थोर मराठा घराणी जोडली जाणार म्हणून उभय संस्थानांत समाधान होते. वधू महाविद्यालयात शिकलेली. वर तिच्याहून पंधरा वर्षांनी वडील, आणि त्यांची पहिली पत्नी हयात. ग्वाल्हेरच्या राजवाड्यात पडदाही कडक होता.

डिसेंबर 1911 च्या दिल्ली दरबारात एकोणीस वर्षांच्या इंदिराराजेंची कूचबिहारच्या महाराजांचे धाकटे बंधू जितेंद्रनारायण यांच्याशी गाठ पडली. त्यानंतर त्यांनी मातापित्यांना न विचारता ग्वाल्हेरला पत्र लिहून ठरलेला विवाह मोडला. या पत्राचा अर्थ काय, अशी ग्वाल्हेरची तार बडोद्यास आली, तेव्हा कोठे घरात ही वार्ता कळली!

सयाजीराव महाराज त्या वेळी आधीच अडचणीत होते. त्याच दरबारात सम्राटाला रीतीप्रमाणे मुजरा केला नाही, हा ठपका त्यांच्यावर आला होता. त्यात दिलेला शब्द मोडला. कूचबिहारचे घराणे ब्राह्म मताचे, मराठा नव्हे, राहणी विलायती, आणि वर धाकटा, गादीचा वारस नव्हे. हे आक्षेप त्या काळच्या कोणत्याही मराठा घरात निघाले असते. पण हे घर निराळे होते. बालविवाहास आळा घालणारा कायदा 1904 साली बडोद्यात सयाजीरावांनीच केला होता, आणि महाराणी चिमणाबाईंचा स्त्रियांच्या स्थितीवरील इंग्रजी ग्रंथ 1911 मध्येच प्रसिद्ध झाला होता. त्यांची सुधारणेवरील निष्ठा खोटी नव्हती. मात्र प्रजेसाठी कायदा करणे सोपे, स्वतःच्या कन्येपुढे माघार घेणे फार कठीण.

दीड वर्षाहून अधिक काळ समजावणी झाली, मनाई झाली. कन्या बधली नाही. अखेर तोड निघाली ती अशी, की तिने लंडनला जाऊन विवाह करावा. मातापिता आपल्या घरून तो करून देणार नाहीत. आशीर्वाद नाही, पण अडवणूकही नाही. 25 ऑगस्ट 1913 रोजी तेथे नोंदणीने व ब्राह्म विधीने विवाह झाला. मातापिता आले नाहीत. आठवडाभरातच वडील बंधू निवर्तले आणि जितेंद्रनारायण महाराज झाले. तो आक्षेप आपोआपच मिटला. पुढे नातवंडे बडोद्यास आजोळी येऊ लागली. ग्वाल्हेरच्या महाराजांनीही गोव्याच्या राणे घराण्यातील गजराराजे यांच्याशी विवाह केला.

जितेंद्रनारायण 1922 मध्ये वारले. इंदिराराजेंनी अज्ञान पुत्रासाठी कूचबिहारचा कारभार पाहिला. पुढे कन्या गायत्रीदेवी यांनी जयपूरचे महाराज मानसिंह यांना वरण्याचा हट्ट धरला. त्यांच्या तर दोन राण्या हयात होत्या! आता हरकत घेण्याची पाळी इंदिराराजेंवर आली. त्यांनी थांबण्यास सांगितले. कन्या काही वर्षे थांबली, पण मत बदलले नाही. मे 1940 मध्ये हा विवाह झाला, तो कूचबिहारलाच, आईच्या घरून.