मलिक अंबर आणि काळ्या रंगाची शिवी

१/ चिकलठाणा विमानतळावरून जालना रोडने शहरात येणाऱ्या पाहुण्याला आपण बीबी का मकबरा हमखास दाखवतो; भडकल दरवाजापाशी मात्र क्वचितच थांबतो. तो दरवाजा बांधणारा आणि हे शहर वसवणारा मलिक अंबर आफ्रिकेतून गुलाम म्हणून आला होता. वर्णद्वेष हा अमेरिकेचा प्रश्न, आपला त्याच्याशी काय संबंध, असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी हा थ्रेड.

२/ जन्म सुमारे १५४८, आजच्या इथिओपियात. मोखा, बगदाद अशा बाजारांतून विकला जात तो दक्खनेत पोहोचला. येथे त्याला विकत घेणारा चंगेझखान निजामशाहीचा पेशवा होता, आणि गंमत अशी की तोही मूळचा हबशी गुलामच. अमेरिकेतील मळ्यांवर गुलामाचे मूल जन्मतःच गुलाम ठरे. दक्खनेत लष्करी गुलाम मुक्त होऊन सरदार होऊ शके.

३/ १६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांनी घेतला. अंबरने दुसऱ्या मुर्तझाला गादीवर बसवून निजामशाही पुन्हा उभी केली, १६१० मध्ये खडकी येथे शहर वसवले, जमिनीखालून नहरी आणून त्याला पाणी दिले. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे व त्यांचे बंधू शरीफजी त्याच्याच बाजूने लढले. शरीफजी तेथे पडले.

४/ आता जहांगीर. अंबर त्याच्या हाती कधीच लागला नाही. तेव्हा बादशहाने ती हौस चित्रात भागवून घेतली. अबुल हसनच्या या चित्रात जहांगीर पृथ्वीगोलावर उभा राहून, भाल्यावर खोवलेल्या अंबरच्या मस्तकावर बाण सोडतो आहे. सोबत अंधाराचे प्रतीक म्हणून घुबड! आपल्या आत्मचरित्रातही तो अंबरला काळतोंड्या म्हणतो. फारसीत ‘काळे तोंड’ म्हणजे बदनामीही. मराठीत आपण ‘तोंड काळे कर’ म्हणतो तेव्हा तेच म्हणत असतो. बंडखोराला शिवी देताना बादशहाला त्याची कातडी आयतीच सापडली.

५/ कोणी म्हणेल, ही शत्रूची शिवी, तिला वर्णद्वेष कशाला म्हणायचे? आक्षेपात तथ्य आहे. माणसांची वंशवार उतरंड लावणारे युरोपीय ‘शास्त्र’ पुढच्या शतकांतले. आणि अंबरच्या मृत्यूनंतर मुतमदखान या मोगल इतिहासकारानेच त्याच्या युद्धकौशल्याची व कारभाराची मोकळी स्तुती केली. रंगाने त्याची वाट अडवली नाही. पण राग अनावर झाला की हात प्रथम रंगाकडेच जातो, एवढे त्या चित्रातून दिसते.

६/ ती सवय गेली का? २०१३ मध्ये गोव्यात एका नायजेरियन तरुणाच्या खुनानंतर त्याच्या देशबांधवांनी रस्ता रोखला, तेव्हा राज्याच्या एका मंत्र्याने नायजेरियनांची तुलना कर्करोगाशी केली. २०१७ मध्ये ग्रेटर नोएडात एका मुलाच्या मृत्यूनंतर नरभक्षणाची अफवा उठली आणि जमावाने आफ्रिकी विद्यार्थ्यांना मारहाण केली. त्यांतील कोणाला, ज्याने मारले त्याला तरी, मलिक अंबर माहीत असेल का?

७/ गोरेपणा विकणाऱ्या प्रसिद्ध क्रीमच्या नावातून ‘फेअर’ हा शब्द २०२० मध्ये गळला. लग्नाच्या जाहिरातींत ‘गोरी’ अजून शिल्लक आहे. आणि ज्या शब्दाने एके काळी दक्खनेतील मातब्बर सरदार ओळखले जात, तो ‘हबशी’ आज सावळ्या पोराला चिडवायला वापरतात.

८/ अंबर १६२६ मध्ये वारला. कबर खुलताबादला आहे, औरंगजेबाच्या कबरीपासून फार दूर नाही. जहांगीरचे ते चित्र डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहात आहे.