शाळेच्या शेताची कुळकथा

जिल्हा परिषदेच्या शाळेमागे मेथी, पालक, वांगी आणि शेवगा यांची जी लहानशी परसबाग आज खेडोपाडी दृष्टीस पडते आणि जिच्यातील भाजी दुपारच्या पोषण आहाराच्या पातेल्यात पडते, ती एखाद्या अलीकडच्या सरकारी परिपत्रकाची निपज असावी, असा सर्वसाधारण समज आहे. परिपत्रक खरेच निघाले. शालेय पोषण बागांविषयी केंद्र शासनाच्या मार्गदर्शक सूचना २०१९ साली प्रसिद्ध झाल्या आणि महाराष्ट्रात त्या निमित्ताने परसबागांच्या स्पर्धाही भरू लागल्या. तथापि या बागेचे कूळ त्याहून पुष्कळ जुने आहे, आणि त्याची एक शाखा, माझ्या मते सर्वांत सकस शाखा, पुण्याच्या मातीत रुजलेली आहे.

युरोपातील शाखा थोडक्यात सांगता येते. सतराव्या शतकात मोराव्हियाच्या कोमेनियसने शाळेला लागून बाग असावी, तेथे मुलांनी झाडेझुडपे डोळे भरून पाहावीत, असे आपल्या शिक्षणविषयक ग्रंथात लिहून ठेवले. पुढे स्वित्झर्लंडमध्ये पेस्टालोझीने आपल्या शेतावर गरिबांच्या मुलांना श्रम आणि शिक्षण एकत्र देण्याचा प्रयोग केला, तो द्रव्याभावी मोडला. १७९९ पासून बर्नजवळच्या होफवील येथे फेलेनबर्गने तोच विचार अधिक व्यवहारी हाताने चालविला. जर्मनीत फ्रोबेलने १८३७ साली ब्लांकेनबुर्ग येथे बालकांसाठी संस्था काढली आणि प्रत्येक मुलाला स्वतःचा एक वाफा व सर्वांना मिळून एक सामायिक वाफा अशी व्यवस्था सांगितली. ऑस्ट्रियात तर १८६९ च्या शिक्षण कायद्याने ग्रामीण शाळांच्या बागेला सरकारी मान्यताच दिली. या सर्व खटपटींत उदात्तता होती यात शंका नाही. परंतु त्या बहुतांशी वरून खाली आलेल्या होत्या. मुलाला निसर्ग दाखवावा असे विद्वानांना वाटले, दरिद्री मुलाला उद्योगी करावे असे दयाळू जमीनदारांना वाटले. शेतात राबणाऱ्या घरातूनच उठून एखाद्याने शाळेत शेत मागावे, ही गोष्ट निराळी आहे, आणि ती आपल्याकडे घडली.

जोतीराव फुले यांचे घराणे माळ्याचे; फुलांचा व भाजीपाल्याचा व्यवसाय हीच त्यांच्या वडिलांची उपजीविका. जोतीरावांच्या चरित्रातील एक प्रसंग सर्वश्रुत आहे, पण त्याचा या कुळकथेशी असलेला संबंध सहसा कोणी दाखवीत नाही. प्राथमिक शिक्षण होते न होते तोच, माळ्याच्या पोराला विद्येचे काय काम, या लोकांच्या सांगण्यावरून वडिलांनी त्यांना शाळेतून काढले आणि बागेत कामाला लावले. शेजारचे गफ्फार बेग मुनशी आणि लिजीटसाहेब या दोघांनी मुलाची बुद्धी ओळखून वडिलांचे मन वळविले, आणि १८४१ साली जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत पुन्हा बसले. शाळा आणि बाग या दोहोंमध्ये त्या काळच्या समाजाने जी भिंत बांधली होती तिच्या दोन्ही बाजूंना हा मुलगा राहून आला होता. बागेत गेला तर पुस्तक सुटते आणि पुस्तक धरले तर बाग सुटते, हा नियम त्याच्या वाट्याला प्रत्यक्ष आला होता.

त्यानंतर सुमारे चाळीस वर्षांनी, १८८२ साली, सर विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण कमिशनपुढे जोतीरावांनी आपले लेखी निवेदन सादर केले. त्यावरची तारीख १९ ऑक्टोबर १८८२ ही आहे. सरकारचा बहुतेक महसूल रयतेच्या घामातून येतो, शिक्षणाच्या नावाने जमिनीच्या साऱ्यावर वेगळी पट्टीही बसविली जाते, आणि तरी या इलाख्यातील दहापैकी नऊ गावांना शाळा नाही व सुमारे दहा लाख मुले विद्येवाचून आहेत, असा हिशेब त्यांनी त्यात मांडला. वयाच्या निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी केली. आणि मग अभ्यासक्रम सांगितला: मोडी व बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल आणि व्याकरण यांचे प्राथमिक ज्ञान, शेतीचे प्राथमिक ज्ञान, तसेच नीती आणि आरोग्य यांचे काही पाठ. खेड्यातील शाळेचा अभ्यास शहरातल्याहून थोडा कमी असला तरी चालेल, पण व्यवहारोपयोगाच्या दृष्टीने तो उणा नसावा, असे बजावून शेतीच्या पाठांना जोडून एक लहानसे नमुनेदार शेत असावे, तेथे मुलांना प्रत्यक्ष शिक्षण द्यावे, आणि ते नीट चालविले तर देशाचे मोठे कल्याण होईल, असे त्यांनी लिहिले.

या मागणीचा बारकावा लक्षात घेतला पाहिजे. मोडी हे त्या काळी कागदपत्रांचे, खतांचे, सावकाराच्या रोख्यांचे अक्षर होते. ज्या मुलाला नांगर धरता येतो पण रोखा वाचता येत नाही, त्याचे शेत कोणत्याही हंगामात सावकाराच्या घरी जाऊ शकते. १८७५ साली पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत रयतेने सावकारांच्या वह्या जाळल्या त्याला अवघी सात वर्षे झाली होती. म्हणून मोडी, हिशेब आणि शेत ही तिन्ही एकाच यादीत येतात. अक्षराऐवजी शेत, असे जोतीरावांनी कोठेही म्हटलेले नाही. अक्षराबरोबर शेत, असे म्हटले आहे. शिक्षकाविषयीही त्यांचे म्हणणे तितकेच स्पष्ट होते. प्रसंग पडल्यास नांगराची मूठ किंवा सुताराची वाकस हाती धरण्यास जो लाजणार नाही आणि खालच्या थरांतील लोकांत जो सहज मिसळेल, असा शेतकरी वर्गातून तयार केलेला शिक्षक त्यांना हवा होता. आणि त्याला बारा रुपयांहून कमी वेतन देऊ नये, मोठ्या गावी पंधरा-वीस द्यावे, हेही त्यांनी सांगितले. पुढच्याच वर्षी लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात बंधारे, खत, जनावरांची पैदास आणि शेतकऱ्यांच्या मुलांचे शिक्षण यांचा विचार त्यांनी असाच एका सूत्रात गुंफला आहे. शाळेच्या शेताची त्यानंतरची प्रत्येक योजना मी याच कसोट्यांवर घासून पाहतो: अक्षराबरोबर शेत आहे काय, शिक्षकाला नांगराची लाज आहे काय, आणि त्याच्या पदरी पुरेसा पैसा पडतो काय.

सरकारने ती कसोटी लावली नाही. रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीचे रसायनतज्ज्ञ डॉ. व्होल्कर १८८९ साली हिंदुस्थानात आले, देशभर हिंडले, आणि १८९३ च्या अहवालात त्यांनी हिंदी रयतेच्या शेतीज्ञानाची मुक्त कंठाने प्रशंसा केली. तिच्या हातात साधने नाहीत, हा तिचा दोष नव्हे, असा त्यांचा अभिप्राय होता. परंतु कर्झनसाहेबांच्या अमदानीत १९०४ साली जो शिक्षणविषयक ठराव झाला त्याने खेड्यातील शाळेत प्रत्यक्ष शेती शिकविण्याचा हेतू बाजूस ठेवला. मुलगा विचारी व निरीक्षक शेतकरी व्हावा, धान्यव्यापारी व जमीनदार यांच्याशी होणाऱ्या व्यवहारात फसू नये, एवढी पूर्वतयारी पुरे, असे ठरले. यात फसवणुकीपासून संरक्षणाचा विचार आहे तो मोलाचा आहे, आणि तो जोतीरावांच्या यादीशी जुळतोही. पण शेत मात्र गळाले. पुण्यात शेतकी कॉलेज स्वतंत्रपणे उभे राहिले, डॉ. हॅरल्ड मॅन यांच्यासारखा खेड्यांत जाऊन कुटुंबवार पाहणी करणारा प्राचार्य त्याला लाभला, तरीही कॉलेजातील विद्या गावच्या शाळेपर्यंत पोचावी असा पूल बांधला गेला नाही. पुण्याजवळ लोणी येथे शेतकी खात्याने मराठीतून शेती शिकविणारी निवासी शाळा काढली. तिचा लौकिक एवढा झाला की लिनलिथगो यांच्या शेती कमिशनने १९२८ च्या अहवालात अशा शाळांचा निर्देश ‘लोणी पद्धत’ म्हणूनच केला. परंतु कमिशनचा कौल पंजाबच्या बाजूने पडला, कारण तेथे शेती हा विषय सामान्य शाळेच्याच पोटात होता. वेगळ्या भिंतीत कोंडलेला नव्हता. तो निर्णय मला योग्य वाटतो.

सरकारी दफ्तरात हा खल चालू असता रयतेच्या मुलांनी मात्र साताऱ्यास आपला मार्ग काढला होता. भाऊराव पाटील यांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह सुरू केले. महात्मा गांधींनी १९२७ साली त्याला छत्रपती शाहूंचे नाव दिले. सर्व जातींची मुले एका पंक्तीस जेवत, आणि त्या पंक्तीला लागणारे धान्य व भाजी पिकविण्यात स्वतःचा हात लावीत. येथे श्रम हा पोटाचा आणि स्वाभिमानाचा प्रश्न होता. ‘कमवा आणि शिका’ हे तत्त्व कोणत्याही शिक्षणशास्त्राच्या ग्रंथातून आलेले नव्हते; धान्य संपले की वसतिगृह बंद पडेल, या रोकड्या वस्तुस्थितीतून ते आले. शिक्षकाचा प्रश्नही भाऊरावांना दिसला होता. म्हणूनच १९३५ साली त्यांनी प्राथमिक शिक्षकांसाठी ग्रामीण अध्यापन महाविद्यालय काढले. त्याच सुमारास तिकडे बंगालमध्ये, सुरूल गावी, रवींद्रनाथांच्या प्रेरणेने आणि इंग्रज शेतीतज्ज्ञ एल्महर्स्ट यांच्या कष्टाने १९२२ पासून श्रीनिकेतन हे ग्रामपुनर्रचनेचे केंद्र चालू होते.

या कुळातील सर्वांत धाडसी प्रयोग वर्ध्याचा. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी तेथील मारवाडी विद्यालयात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. दक्षिण आफ्रिकेत टॉलस्टॉय फार्मवर मुलांसमवेत खणणे, लावणे, ओझी वाहणे यांचा अनुभव त्यांनी घेतलेला होता; त्याला आता राष्ट्रीय योजनेचे रूप द्यावयाचे होते. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषेतून, आणि एखाद्या उत्पादक हस्तोद्योगाभोवती गुंफलेले: डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने त्याच वर्षाच्या डिसेंबरात याचा आराखडा दिला. सूतकताई, सुतारकाम यांच्या जोडीने शेती आणि फळभाज्यांची बागाईत हेही मूलोद्योग त्यात होते. साडेपाच तासांच्या शाळेत उद्योगाला तीन तास वीस मिनिटे दिलेली होती. वाफा खणताना क्षेत्रफळ, बियाणे मोजताना प्रमाण, खताचा खड्डा भरताना रसायन, पावसाची नोंद ठेवताना भूगोल, आणि रोजनिशी लिहिताना भाषा. यालाच या योजनेचे, म्हणजे नई तालीमचे, अनुयायी ‘समवाय’ म्हणत. सेवाग्रामला आर्यनायकम् आणि आशादेवी यांनी ते करून दाखविले. मुलांनी पिकविलेली भाजी मुलांच्याच ताटात आली, आणि मैल्याचे सोनखत करण्यात कोणास हीनपणा वाटेनासा झाला. पुस्तकी विद्येचा अभिमान बाळगणाऱ्या आपल्या समाजात ही क्रांतीच होती, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

मग ती टिकली का नाही? मुलांच्या उत्पन्नातून शिक्षकाचे वेतन हळूहळू निघावे, ही अपेक्षा योजनेत होती, आणि प्राध्यापक के. टी. शहा यांनी परिषदेतच तिला विरोध केला. शहांची शंका रास्त होती. बाजाराच्या कसोटीला लावलेला मुलगा विद्यार्थी राहत नाही, मजूर होतो. याशिवाय दुसरी एक अढी शेतकऱ्यांच्याच मनात होती, आणि तिच्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही: आमच्या मुलाने शाळेतही मातीच चिवडावयाची आणि साहेबाच्या मुलाने इंग्रजी शिकावयाचे, हा न्याय कोणता? शहरातील उच्चभ्रू शाळांनी नई तालीम स्वीकारली नाही, तेव्हाच या प्रश्नाचे उत्तर मिळाले आणि मूलोद्योगाचा धनी नाहीसा झाला. स्वातंत्र्यानंतर कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात कार्यानुभवाचा पुरस्कार केला, १९७७ साली ईश्वरभाई पटेल समितीने समाजोपयोगी उत्पादक कार्याची शिफारस केली. परंतु वेळापत्रकात आठवड्याच्या अखेरीस एखादा तास एवढीच त्यांची जागा उरली आणि पुष्कळ ठिकाणी तो तासही गणिताच्या शिक्षकाने मागून घेतला.

तरी वंश खुंटला नाही. कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांपाशी कुरणातच शाळा नेली, हा या कुळातला मला सर्वांत हृद्य वाटणारा अध्याय आहे. मुलाच्या कामाला त्यांनी शिक्षणाचा शत्रू मानले नाही. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला. अन्नतंत्राचे हे शास्त्रज्ञ मोठ्या कंपनीतील अधिकाराची जागा सोडून खेड्यात आले, आणि आठवी ते दहावीच्या मुलांसाठी त्यांनी जो तंत्रशिक्षणाचा अभ्यासक्रम आखला त्यात अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण आणि गृह-आरोग्य यांच्या बरोबरीने शेती व पशुपालन हा विभाग आला. माध्यमिक शाळान्त मंडळाने तो मान्य केला, म्हणजे शेतात केलेल्या कामाला परीक्षेत गुण मिळू लागले. कलबागांनी शेतीला यंत्रशाळेच्या शेजारी बसविले, त्यामुळे मागासपणाचा शिक्का तिच्यावर बसला नाही. त्यांचे हे शहाणपण आजच्या योजनाकारांनी उचलावे असे आहे. सेवाग्रामला आनंद निकेतन ही शाळा २००५ साली पुन्हा सुरू झाली आणि तेथे मुले आजही भाजी पिकवितात. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात दप्तराविना दहा दिवसांची तजवीज आहे आणि त्यांतील उद्योगांत बागकामाचाही उल्लेख आहे. दहा दिवसांत पालकसुद्धा काढणीला येत नाही, हे धोरण राबविणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. बाग ही संबंध हंगामाची बाब आहे.

आपल्या गावी शाळा असेल तर तिच्या व्यवस्थापन समितीच्या पुढच्या सभेस, वाचकहो, अवश्य जा आणि चार गोष्टी विचारा. मे महिन्याच्या सुट्टीत वाफ्यांना पाणी कोण घालणार? पेरणीपासून काढणीपर्यंतची वही मुले स्वतः लिहितात की शिक्षक? भाजी मुलांच्या ताटात येते की आणखी कोठे जाते? बागेची जबाबदारी घेणाऱ्या शिक्षकाला त्यासाठी वेळ आणि मोबदला मिळतो काय? या चारांची समाधानकारक उत्तरे मिळेपर्यंत सभा सोडू नका.