मोहाची धार आणि सरकारी मक्ता

फाल्गुन सरत आला की सातपुड्याच्या पायथ्याची रानं, चोपडा-यावलपासून शिरपूर-तळोद्यापर्यंत, पहाटे एका गोडसर, उग्र वासानं भरून जातात. मोहाची फुलं उजाडता उजाडता गळू लागतात. बायका-मुलं टोपल्या घेऊन झाडाखाली जातात, फुलं वेचतात आणि अंगणात वाळत घालतात. हे फूल म्हणजे आदिवासीच्या घरचं धान्यच. दुष्काळात याच फुलांनी माणसं जगवली. बियांपासून तेल निघतं. आणि याच फुलांची दारूही होते. आज मला श्रोत्यांपुढे मांडायचा आहे तो या दारूचा इतिहास. तो व्यसनाचा इतिहास आहे, तसाच हक्काचाही आहे.

दारू करण्याची रीत साधी होती. वाळलेल्या फुलांत निम्म्याहून अधिक साखर असते. ती मडक्यात पाण्यात भिजत घातली की काही दिवसांत आंबतात. मग मडकं चुलीवर चढवायचं, वाफ नळीतून दुसऱ्या भांड्यात न्यायची आणि भांड्यावर गार पाणी घालत राहायचं, की थेंब थेंब दारू उतरते. भिल्लांच्या घरी हा उद्योग बाजारासाठी नव्हता. जन्म, लग्न, मरण, देवाचा कौल, पंचाचा निवाडा, काहीही असो. आधी पूर्वजांच्या नावानं जमिनीवर धार सोडायची आणि मग माणसांनी घ्यायची. नात्यागोत्याचं सगळं देणंघेणं त्या धारेत बांधलेलं होतं.

इ. स. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला. राज्य आलं तसा महसूल आला, आणि दारू ही महसुलाची मोठी खाण आहे हे सरकारच्या ध्यानी आलं. १८७८ साली मुंबई इलाख्याचा आबकारी कायदा झाला. त्याचा हेतू असा, की दारू ठरलेल्या भट्टीतच गाळावी, भट्टीतून निघताना तिच्यावर गॅलनमागे कर घ्यावा आणि विकण्याचा मक्ता लिलावानं द्यावा. घरच्या चुलीवर दारू गाळणं गुन्हा ठरलं. पुढं १८९२ मध्ये ठाणे व कुलाबा जिल्ह्यांसाठी निराळा कायदा करून मोहफुलं बाळगण्यावरही बंधनं घातली गेली.

आता पाहा, परिणाम काय झाला. दारू बंद झाली नाही. ती फक्त घरातून निघून दुकानात गेली. काल जी स्वतःच्या झाडाच्या फुलांपासून होत होती, ती आज रोख पैशानं किंवा उधारीवर घ्यायची. मक्तेदार लिलावाची रक्कम भरून बसलेला; खप वाढवल्याशिवाय त्याची ती रक्कम निघणार कशी? उधारी वाढली तसं पीक गेलं, बैल गेला, शेत गेलं. महसूल वाढवून सरकार नीती शिकवत होतं, असं म्हणावं तर ते खरं नव्हे. १८८० मध्ये पुणे नगरपालिकेचे सभासद असताना जोतीराव फुले यांनी वाढत्या दारूदुकानांविरुद्ध लेखी हरकत घेतली होती, ती याच काळातली.

इंग्रजांच्या स्वतःच्या देशातही घरी बियर करण्याची जुनी चाल होती. तिथंही १८८० साली कर माल्टवरून बियरवर आणला गेला आणि घरी बियर करणाऱ्याला परवाना घ्यावा लागू लागला. हा परवाना १९६३ मध्ये रद्द झाला. त्यानंतर तिथले लोक डब्यातला तयार अर्क आणून, पाणी, साखर व यीस्ट घालून आपली आवडती कडवट 'बिटर' घरच्या घरी खुशाल करू लागले. दारू गाळायला मात्र तिथं आजही परवानगी लागते. आंबवणं वेगळं आणि गाळणं वेगळं, हा भेद लक्षात ठेवावा. पण इंग्रज शेतकऱ्याचं शेत परवान्यापायी गेलं नाही; आपल्याकडं मक्त्यापायी गेलं.

म्हणून या इतिहासातली मोठी गोष्ट अशी, की दारूविरुद्ध पहिली मोठी उठावणी आदिवासींनी स्वतः केली. १९२२ मध्ये ठाण्याच्या किनारपट्टीकडून 'देवी'ची लाट आली. ती नाशिक, डांग, सुरत आणि पश्चिम खानदेश असे डोंगर ओलांडत पसरली. अंगात आलेल्या माणसांच्या मुखातून देवी सांगे : दारू-ताडी सोडा, मांस सोडा, रोज आंघोळ करा. ज्या दुकानानं घर धुऊन नेलं, त्याच्याकडं लोकांनी पाठ फिरवली. १९३८ मध्ये तळोदा भागात गुलाम महाराजांनी आप धर्म सांगितला; त्यातही दारू सोडणं हा मुख्य नियम. त्याच साली ते वारले, पण त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी काम पुढं नेलं.

१९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानंतर मक्ता गेला, पण गूळ-नवसागराची चोरटी हातभट्टी आली. तेव्हा पुन्हा लोकच उठले. १९७२ नंतर शहादा भागात श्रमिक संघटनेच्या चळवळीत भिल्ल बायकांनी गावोगाव मोर्चे नेले आणि दारूची मडकी फोडली. मार खाणारं घर त्यांचं होतं, म्हणून निर्णयही त्यांनी घेतला.

या सगळ्यातून एक प्रश्न उरतो : गावात दारू असावी की नसावी, हे ठरवायचं कोणी? १८७८ मध्ये तो अधिकार सरकारनं व मक्तेदारानं घेतला. १९९६ च्या पेसा कायद्यानं अनुसूचित क्षेत्रांत दारूबंदी अमलात आणण्याचे, किंवा तिची विक्री व सेवन यांवर नियंत्रण ठेवण्याचे अधिकार ग्रामसभा व पंचायतींना द्यावेत, असं सांगितलं. धुळे, नंदुरबार आणि जळगावच्या सातपुड्याकडील पुष्कळ गावं या क्षेत्रात मोडतात. शिक्षकांनी हे कलम शाळेच्या फळ्यावर लिहावं आणि मुलांकरवी घरी पोहोचवावं. कायद्यानं दिलेला अधिकार सभेत बसून वापरला, तरच तो गावाचा होतो.