प्रस्तावना : पंधरा आणि पन्नासच्या मधली बस

जुनी बस रोजच्या वाहतुकीत ठेवावी का, असा विषय निघाला की बोलणं थेट लंडनला पोचतं. आपण बीडच्या आगारातून निघू. या शहरात रेल्वे आली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी. तोवर, परळी आणि आष्टीकडचा भाग सोडला तर, जिल्ह्याची आगगाडी म्हणजे एसटीचा लाल डबाच.

या डब्याचं कुळ दुहेरी आहे. निजाम राज्य रेल्वेने १९३२ मध्ये २७ बस आणि १६६ माणसांनिशी रस्ते वाहतूक खातं उघडलं. इकडे मुंबई राज्यात १ जून १९४८ रोजी एसटीची पहिली बेडफर्ड पुण्याहून नगरला गेली. नगरच्या पुढचं आष्टी तेव्हा निजामाच्या हद्दीत होतं. मराठवाडा मुंबई राज्यात आला १९५६ मध्ये. त्यामुळे बीडच्या बसचा शोध घेणाऱ्याला नुसत्या पुण्या-मुंबईच्या कागदांवर भागवता येणार नाही. हैदराबाद गाठावं लागेल. थोडी उर्दू आली तर उत्तमच.

कायद्याने मात्र या विषयाची मजेदार कोंडी केली आहे. १ एप्रिल २०२३ पासून सरकारी गाड्यांची, त्यात एसटीही आली, नोंदणी पंधरा वर्षांपुढे वाढत नाही. आणि २०२१ च्या नियमांप्रमाणे ‘व्हिंटेज’ म्हणवून घ्यायला गाडी पन्नाशी ओलांडलेली, मूळ रूपातली हवी; वर तिच्यावर धंदा करायचा नाही. पंधराव्या वर्षी भंगारात गेलेल्या बसने पन्नाशी गाठायची कुठे?

‘मूळ रूप’ हीही भानगडच. चॅसी कारखान्यातून येते, बॉडी चढते चिकलठाणा, दापोडी किंवा हिंगण्याच्या कार्यशाळेत. जुन्या चॅसीवरची ॲल्युमिनियमची बॉडी उतरवून पोलादी चढवलेल्या कितीतरी गाड्या आपण वापरल्या आहेत. त्यांचं वय कशावरून धरायचं? मला विचाराल तर पत्र्याइतकीच फेरीही नोंदवावी. मुक्कामी गाडी घ्या : रात्री गावात थांबायची, पहाटे शाळेची पोरं, दवाखान्याची माणसं आणि दुधाचे कॅन घेऊन तालुक्याला निघायची. तिचं वेळापत्रक जपलं नाही, तर रंगवून ठेवलेला सांगाडा मुका राहतो.

आता लंडन. २००५ मध्ये रूटमास्टर बस नेहमीच्या सेवेतून गेल्या, पण ९ आणि १५ क्रमांकाच्या मार्गांवर काही ठेवल्या, त्याही नेहमीच्याच भाड्यात. चाकाच्या खुर्चीवरच्या प्रवाशाला त्यांत चढता येत नसे, म्हणून त्याच मार्गांवर नव्या बसही धावत. ९ क्रमांकाची जुनी सेवा २०१४ मध्ये थांबली. मुंबईची जुनी डिझेल डबलडेकर १५ सप्टेंबर २०२३ रोजी गेली. तिथे हिशेब पंधरा वर्षांचाच होता.

पुस्तकं या विषयावर थोडी आहेत, म्हणून नवख्याने बिचकू नये. वही घेऊन आगारात जावं, निवृत्त मेकॅनिकला चहा पाजावा आणि धारूरच्या घाटात कोणती गाडी कुठल्या गिअरमध्ये चढायची, एवढंच आधी विचारावं.